परसातली मातीची चूल

मातीची चूल : चिकणमातीत भुसा आणि शेण कालवून हाताने घडवलेले, लाकूडफाटा किंवा गोवऱ्या जाळून स्वयंपाक करण्याचे साधन. महाराष्ट्रात ती घरात असते, तशीच परसात आणि शेतावरच्या वस्तीवरही असते. चूल करण्याला ‘चूल घालणे’ म्हणतात. हे काम परंपरेने बायकांचे. मापे विती-बोटांची आणि घरच्या भांड्यांवरून घेतलेली, त्यामुळे एका घरची चूल दुसऱ्या घरच्या तव्याला नीट बसेलच असे नाही.

नुसती काळी माती वापरू नये. वाळताना ती फार आकसते आणि चुलीला तडे जातात. ओढ्याकाठची चिकणमाती किंवा वारुळाची माती चांगली. खडे वेचून ती रात्रभर भिजत घालतात आणि सकाळी तीत तूस, गव्हाचा भुसा, शेण किंवा घोड्याची लीद घालून पायांनी तुडवतात. यातल्या काड्या आणि तंतू माती वाळताना तिला धरून ठेवतात. मातीचा लाडू वळून कमरेच्या उंचीवरून टाकून पाहावा : फुटला तर माती कोरडी आहे, पसरला तर पाणी जास्त झाले.

आकार घोड्याच्या नालेसारखा, भिंत चार बोटे जाड, उंची साधारण वीतभर. काठावर तीन उंचवटे ठेवतात. भांडे त्यांवर टेकते आणि भांडे व काठ यांच्यामध्ये बोटभर फट राहते. चुलीचे सगळे मर्म या फटीत आहे. फट कमी पडली की जाळ कोंडतो आणि धूर तोंडातून बाहेर लोटतो. जास्त झाली तर आच भांड्याला न लागताच निसटते. चुलीला लागून, आतून भोकाने जोडलेला वैल (काही भागांत औल), म्हणजे भांडे ठेवायची दुसरी जागा, असतो. त्याच्या मंद आचेवर दूध तापते, आमटी उकळत राहते.

घातलेली चूल आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यावी. उन्हाची घाई केली तर वरचा थर आधी आकसून भेगा पडतात; त्या ओल्या बोटाने पातळ माती भरून बुजवतात. पहिला जाळ बारीक काटक्यांचाच करावा. पुढे स्वयंपाक आटोपला, चूल निवली की तिला पोतेरे देतात, म्हणजे शेणमातीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने सारवतात.

चुलीचे खरे कसब भाकरीत दिसते. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करतात. क्षणात वरचा पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. ही आच समोरून लागते. गॅसच्या शेगडीवर ती तशी मिळत नाही.

धूर हा मात्र तिचा गंभीर दोष आहे. बंद स्वयंपाकघरात बायकांच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला. वर्ध्याच्या मगनवाडी या ग्रामोद्योग केंद्रातून निघालेली, धूर धुराड्याने बाहेर नेणारी ‘मगन चूल’ आणि 1980 च्या दशकातला केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम यांनी त्यावर उपाय शोधला. 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यापाड्यांत पोचवला. तरीही अंघोळीचे पाणी, मटण किंवा कार्याचा मोठा स्वयंपाक यांसाठी परसातली चूल अनेक घरांत पेटते. उघड्यावर धूर कोंडत नाही, म्हणून तिची जागा तिथेच बरी.

पावसाळ्यात वर छप्पर हवे, नाहीतर न भाजलेली माती विरघळते. चूल मोडली तर कच्ची माती पुन्हा भिजवतात आणि भाजलेली ढेकळे कुटून नव्या चिखलात घालतात. त्याने नव्या चुलीला तडे कमी जातात.