तेलाच्या विहिरीत वीज काय सांगते?

समुद्रात तेलसाठा सापडल्याची बातमी आली की सोबतचे चित्र ठरलेले असते: जमिनीच्या पोटात काळ्या तेलाचे तळे आणि त्यात खुपसलेली नळी. असे तळे अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राखालीही नाही. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर 'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजाने 1974 साली खोदलेल्या विहिरीत तेल लागले, ते चुनखडीच्या बारीक छिद्रांत मुरलेले होते. तिथला मुख्य साठा अशाच, मायोसीन काळातल्या म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत आहे.

शोधाची सुरुवात ध्वनीपासून होते. जहाजामागच्या एअरगनमधून दाबलेली हवा एकदम सोडतात. लहरी खाली जातात, खडकाचा थर बदलला की काही परत फिरतात आणि हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, त्या टिपतात. यालाच सिस्मिक सर्वेक्षण म्हणतात. यातून तेल अडकू शकेल असे थरांचे घुमट आणि प्रस्तरभंग, म्हणजे थर तुटून सरकल्याच्या जागा दिसतात, पण ढोबळ. लहरीचा वेग सेकंदाला 3000 मीटर आणि वारंवारता 30 हर्ट्झ असेल, तर तरंगलांबी 100 मीटर होते. तिच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे 25 मीटरहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळा ओळखणे अवघड. शिवाय घुमटात तेलाऐवजी नुसते पाणीही असू शकते.

तो निवाडा विहिरीत सोडलेली उपकरणे करतात. त्यांच्या नोंदी म्हणजे वेल लॉग. त्यातली रोधकतेची, म्हणजे पदार्थ विजेला किती अडवतो ते मोजण्याची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते. चुनखडीचे कण वीज जवळजवळ वाहू देत नाहीत, तेलही नाही. वाहू देते ते छिद्रांतले खारे पाणी. तेलाने पाण्याची जागा घेतली की रोधकता चढते. किती चढली तर किती तेल, हे गणित तेलक्षेत्रातले अमेरिकी अभियंते गस आर्ची यांनी 1942 साली मांडले.

समजा, खडकात 20 टक्के छिद्रे आहेत आणि त्यांतल्या पाण्याची रोधकता 0.1 ओहम-मीटर आहे. आर्चींच्या सूत्रातले घातांक 2 धरू, म्हणजे छिद्रांच्या प्रमाणाचा वर्ग घ्यायचा आणि शेवटी वर्गमूळ काढायचे. 0.1 ला 0.2 च्या वर्गाने, म्हणजे 0.04 ने भागले की 2.5 येतात. छिद्रे पाण्याने पूर्ण भरलेली असती तर लॉगवर एवढीच रोधकता दिसली असती. दिसली मात्र 40. आता 2.5 भागिले 40, त्याचे वर्गमूळ 0.25. म्हणजे छिद्रांत पाणी 25 टक्के, उरलेल्या 75 टक्क्यांत तेल किंवा वायू.

छिद्रेच नसलेला घट्ट दगडही जास्त रोधकता दाखवतो आणि गोडे पाणीही. म्हणून सच्छिद्रता वेगळी मोजावी लागते. न्यूट्रॉन लॉग छिद्रांतल्या पाण्यात किंवा तेलात असलेल्या हायड्रोजनचा अंदाज देतो, घनता लॉग खडक किती भरीव ते सांगतो. वायूमध्ये हायड्रोजन विरळ असतो. त्यामुळे न्यूट्रॉन लॉग सच्छिद्रता कमी दाखवतो, घनता लॉग जास्त, आणि दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात.

तळहातावरचा नारळ उभा राहिला म्हणून पाण्यासाठी बोअर मारणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते: भाकिताचा आकडा आधी लिहून ठेवा आणि कोरडी गेलेली बोअरही मोजा. तेलाच्या विहिरीत हेच करतात.

विहिरीतल्या नोंदी हाती आल्या की ध्वनी लॉग (खडकातून ध्वनी किती वेगाने जातो त्याची नोंद) आणि घनता लॉग यांवरून कृत्रिम सिस्मिक नोंद तयार करून ती सर्वेक्षणाशी जुळवतात. जुळली की विहिरीतला थर नकाशावर दूरपर्यंत ओळखता येतो, अंतर वाढेल तशी खात्री घटते. आणि 75 टक्के तेल म्हणजे तेवढे सगळे वर येईल असेही नाही. त्यातला बराच भाग छिद्रांत अडकून खालीच राहतो.