पेन्शनची जुनी सेवा काढून घ्यावी की जोडावी? बेळगाव-शिनोळी ये-जा करणाऱ्या कामगारांसाठी माहिती

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील अनेक कामगारांनी उमेदीची काही वर्षे उद्यमबागेतील कारखान्यांत काढली आणि पुढे ते हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले. निपाणीकडचे कामगार असेच कागलला जातात. घर कर्नाटकात आणि कारखाना महाराष्ट्रात असल्यामुळे त्यांच्या नावावर भविष्य निर्वाह निधीची दोन-तीन खाती असतात. निवृत्ती जवळ आली, की झेरॉक्सच्या दुकानात किंवा एजंटाकडून त्यांना हमखास एक सल्ला मिळतो, तो म्हणजे "कर्नाटकातले खाते महाराष्ट्रात जोडता येत नाही, जुने पैसे काढून मोकळे व्हा." हा सल्ला चुकीचा आहे. भविष्य निर्वाह निधी आणि त्यासोबतची पेन्शन या योजना केंद्राच्या असून त्यांना राज्याची हद्द लागू होत नाही.

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू आहे. मालकाच्या हिश्श्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम या योजनेत जाते आणि त्यासाठी १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली जाते, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जमा होतात. वयाच्या ५८ व्या वर्षी मासिक पेन्शन मिळण्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. हिशेबात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने साडेनऊ वर्षांची सेवाही पात्र ठरते. पेन्शनपात्र वेतनाला, म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीला, सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक रक्कम निघते. २० वर्षे सेवा झालेल्यांना दोन वर्षे वाढवून मिळतात. २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी मात्र त्या वेळची ६,५०० रुपयांची मर्यादा लागू होते.

उचगावकडच्या एका कामगाराच्या कागदांचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०१४ पासून चार वर्षे उद्यमबागेत आणि नंतर मे २०२६ पर्यंत शिनोळीत अशी त्याची सेवा आहे. दोन्ही जोडल्यास ती १२ वर्षे भरते आणि वेतन १५,००० धरल्यास पेन्शन महिन्याला २,५७१ रुपये बसते. उद्यमबागेची चार वर्षे त्याने फॉर्म १०-सी भरून काढून घेतली असती, तर हातात आठच वर्षे उरली असती आणि मासिक पेन्शनचा हक्कच गेला असता. त्या चार वर्षांत पेन्शन खात्यावर फार तर ६०,००० रुपये जमा झाले असतील. तेवढी रक्कम दोन वर्षांच्या पेन्शनमध्ये वसूल होते. शिवाय नव्या कारखान्यात पीएफ कापला जात असताना जुन्या खात्याचा अंतिम दावा करणे म्हणजे आपण बेकार आहोत असे खोटे लिहून देणे होय, आणि त्याखाली सही एजंटाची नसते, आपली असते.

खाते जोडण्यासाठी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या सदस्य पोर्टलवर यूएएन (सदस्याचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक) टाकून प्रवेश करावा, 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट' हा पर्याय निवडावा आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसल्यास शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. येथे एका गोष्टीने पुष्कळ जण दचकतात. जुनी रक्कम नव्या पासबुकात आली, तरी पेन्शनच्या रकान्यात तिच्यापुढे शून्य दिसते. पेन्शनचे पैसे बुडाले, असा त्याचा अर्थ नाही. पेन्शनमध्ये रक्कम सरकत नाही, सेवेचा काळ सरकतो, म्हणून पासबुकाऐवजी 'सर्व्हिस हिस्ट्री' तपासावी आणि स्थलांतराचा 'अनेक्शर के' हा कागद जपून ठेवावा. सध्या कुठेच नोकरी नसेल आणि सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असेल, तर त्याच १०-सी फॉर्ममध्ये पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येते. पुढे काम मिळाल्यावर ती सेवा त्यामुळे जोडता येते.

सीमाभागातील खरी अडचण नावाची आणि जन्मतारखेची असते. शाळेचा दाखला मराठीत, आधारकार्ड कन्नड व इंग्रजीत आणि कंपनीची नोंद तिसऱ्याच स्पेलिंगने. वर सांगितलेल्या कामगाराच्या दाखल्यावर आणि आधारवर १ जून १९६८ ही तारीख आहे (गुरुजींनी अर्ध्या गावाला दिलेली), तर एका कंपनीच्या नोंदीत १ जानेवारी १९७०. ही तफावत राहिली तर पेन्शन एकोणीस महिने पुढे जाईल. कामगार आणि कंपनी या दोघांच्या सहीच्या संयुक्त घोषणापत्राने ती दुरुस्त करता येते आणि हे काम निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी हाती घ्यावे, कारण जुना कारखाना बंद पडला असेल तर सह्या मिळवण्यात दिवस जातात.

"पन्नाशीतच पेन्शन सुरू करा" हाही सल्ला सर्रास दिला जातो. नोकरी सोडलेल्याला ५० व्या वर्षापासून पेन्शन घेता येते हे खरे, पण ५८ ला जितकी वर्षे कमी पडतात, त्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. उलट ६० पर्यंत थांबल्यास वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे मिळवून देतो असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे, ती सोय २००८ मध्येच बंद झाली आहे.

प्रत्यक्ष पेन्शनचा अर्ज फॉर्म १०-डी मध्ये करायचा असतो. आधार, पॅन, बँकेचे पासबुक, वयाचा पुरावा, पती-पत्नीचा एकत्रित फोटो, २५ वर्षांखालील मुलांचे जन्मदाखले आणि असल्यास योजना प्रमाणपत्र ही कागदपत्रे तयार ठेवावीत. शिनोळी किंवा कागलच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याचा अर्ज कोल्हापूरच्या कार्यालयाकडे जात असला, तरी १ जानेवारी २०२५ पासून देशातील कोणत्याही बँक शाखेत पेन्शन घेता येते. त्यामुळे कोल्हापुरात खाते उघडण्याच्या भरीस पडू नये. परिपूर्ण अर्ज २० दिवसांत निकाली निघणे अपेक्षित आहे.

एजंटाने चुकीचा दावा आधीच भरला असेल, तर रक्कम जमा होण्यापूर्वी संबंधित कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी आणि ईपीएफआयजीएमएस या पोर्टलवरही तक्रार नोंदवावी. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिर भरते, तिथे कागदांसह समोरासमोर बोलता येते. या कोणत्याही कामाला शासकीय शुल्क नाही. ओटीपी सांगितल्यामुळे खात्यातून पैसेच गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर क्रमांकावर फोन करावा.