थाई माणूस देशाला नावं ठेवत नाही?

थायलंड म्हणजे हसऱ्या लोकांचा देश, स्वतःच्या समाजावर टीका करणं त्यांच्या स्वभावातच नाही, हे टूरवाल्यांचं पाठ झालेलं वाक्य. स्वभाव कसला! ६ ऑक्टोबर १९७६ ला बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली. एका फोटोत झाडाला लटकवलेल्या प्रेतावर एक जण घडीची खुर्ची उगारतोय, आणि बघ्यांमध्ये एक पोरगा चक्क हसतोय. त्याच महिन्यात राजनिंदेची, म्हणजे राजघराण्याचा अपमान केल्याची, शिक्षा वाढवून दर आरोपामागे ३ ते १५ वर्षं केली गेली. हेच ते थाई दंडसंहितेचं कलम ११२. गप्प बसण्याचं मोठं कारण हे. तरीही १० ऑगस्ट २०२० ला याच विद्यापीठाच्या रंगसित आवारात राजेशाहीत सुधारणा मागणाऱ्या १० मागण्या जाहीर वाचल्या गेल्या. वाचणाऱ्या तरुणीला पुढे तुरुंग बघावा लागला.