अन्नातील जीवाणुविषे आणि आतड्याचे अस्तर

काही जीवाणू अन्नात वाढताना, तर काही आतड्यात पोहोचल्यावर विषारी प्रथिने सोडतात. त्यांतली बरीच आतड्याच्या अस्तरावर काम करतात आणि हगवण लागते. विदर्भातल्या खेड्यांत लग्नाची पंगत, तेरवी किंवा सप्ताहाच्या काल्याचा महाप्रसाद झाल्यावर एकाच रात्री अनेक घरांत संडास लागतात, तेव्हा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जीवाणूचा विचार आधी करावा.

लहान आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. शेजारच्या पेशी वरच्या कडेला घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. सांध्यांतली क्लॉडिन ही प्रथिने जपानमधील शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने १९९८ मध्ये ओळखली. दोन पेशींच्या मधून कोणते क्षार जातील, हे मुख्यतः त्यांच्यावर ठरते.

परफ्रिंजेन्सचे विष नेमके याच प्रथिनांना, विशेषतः क्लॉडिन-३ आणि ४ यांना, चिकटते. चिकटलेले रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणात आरपार छिद्र पाडतात. त्यातून कॅल्शियम आत घुसते आणि पेशी मरते. अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांची टोके झडतात, सांधे सैल होतात, पाणी आणि मीठ आतड्यात झिरपते. जेवणानंतर ८ ते १६ तासांनी पोटात कळा येऊन पातळ संडास होते. उलटी आणि ताप सहसा नसतात. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. जेवल्यावर १ ते ६ तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जीवाणूचे विष असते. ते अन्नातच तयार होते आणि उकळूनही नष्ट होत नाही.

‘चांगलं खदखदून शिजवलं होतं’ हे आचाऱ्याचे म्हणणे खरे असते, तरी पंगत आजारी पडते. परफ्रिंजेन्सचे बीजाणू, म्हणजे जीवाणूची टणक, निद्रिस्त रूपे, मातीत असतात, भाजीपाला, डाळी आणि मटणासोबत गंजात (मोठ्या पातेल्यात) येतात आणि उकळीतही टिकतात. उकळल्याने अन्नातला प्राणवायू निघून जातो. या जीवाणूला तेच हवे असते. अन्न निवू लागले की बीजाणू जागे होतात. सुमारे ४३ ते ४५ अंश सेल्सिअसला त्यांची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे सावलीतला पारा अनेकदा याच आकड्यावर असतो. सकाळी उतरवलेले वरण किंवा आलू-वांग्याची भाजी मोठ्या गंजात झाकून ठेवली, तर संध्याकाळच्या पंगतीपर्यंत ती पुरती निवत नाही. जीवाणूंना हव्या तेवढ्या उबेत राहते. वासावरून किंवा चवीवरून ओळखूही येत नाही. म्हणून ‘अन्न थंड करून ठेवा’ हा शहरी सल्ला इथे अपुरा आहे. पंगतीच्या थोडेच आधी शिजवावे, किंवा निखाऱ्यावर ६० अंशांच्या वर, हात लावला तर चटका बसेल इतके गरम ठेवावे. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी वाटण्याआधी तळापासून ढवळून पुन्हा उकळावे.

सगळीच विषे अस्तर फोडत नाहीत. पटकीचे (कॉलऱ्याचे) विष पेशी शाबूत ठेवून त्यांना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते. ते विष आतड्यातच काम करते, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात सशांवर दाखवले. अशा वेळीही साखर आणि मीठ एकत्र शोषण्याची सोय चालू राहते. जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, तिच्याच बळावर काम करते. आशाताईंकडचे ओआरएसचे पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहावे. लहान लेकरांना आणि म्हाताऱ्यांना संडासपेक्षा शरीरातले पाणी कमी होण्याचा धोका मोठा असतो.

संडासात रक्त दिसले तर प्रकरण वेगळे. काही शिगेला आणि ई. कोलाय जीवाणूंचे शिगा-विष पेशींचे प्रथिन तयार करणेच बंद पाडते आणि मूत्रपिंडालाही इजा करू शकते. अशा रुग्णाला संडास थांबवायची गोळी देऊ नये, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.