लॅपटॉपचे पोर्ट व स्लॉट

लॅपटॉपच्या कडांना असलेल्या ज्या जोडण्यांमधून वीज, माहिती, चित्र किंवा आवाज यांची ये-जा होते त्यांना पोर्ट म्हणतात. मेमरी कार्ड किंवा रॅमची (चालू कामाची तात्पुरती स्मृती) पट्टी यांसारखी वस्तू जिच्यात सरकवून बसवतात ती खाच म्हणजे स्लॉट. केबलच्या टोकाला बाजारात सरसकट ‘पिन’ म्हणतात. त्यामुळे नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानात ‘टाइप-सी पिनची केबल’ मागितली की हाती येणारी केबल पोर्टात बसते खरी, पण हवे ते काम करीलच असे नाही. पोर्टाचा आकार आणि त्याची कुवत या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक अडचणी त्या एकच मानल्यामुळे उद्भवतात.

पूर्वी कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि मोडेम यांना निरनिराळे पोर्ट लागत. ही गर्दी एका जोडणीत सामावण्यासाठी १९९६ मध्ये यूएसबी मानक आले. ते घडवणाऱ्या इंटेलमधील अभियंत्यांत अजय भट्ट हे प्रमुख नाव होय. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, आणि ज्या सयाजीरावांचे नाव त्या विद्यापीठाला आहे त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. यूएसबीच्या आयताकृती टाइप-ए पोर्टात डोकावल्यास प्लास्टिकची एक जीभ दिसते. २००० साली आलेल्या यूएसबी २.० मध्ये तिच्यावर चार धातूच्या पट्ट्या असतात आणि वेग सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत जातो; २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये आणखी पाच पट्ट्यांची भर पडून तो ५ गिगाबिटांवर, म्हणजे ५,००० मेगाबिटांवर गेला. अशा पोर्टाची जीभ बहुधा निळी असते किंवा शेजारी ‘एसएस’ ही अक्षरे कोरलेली असतात. जड फायली पेनड्राइव्हवर घेताना म्हणूनच आधी निळी जीभ शोधावी.

२०१४ मध्ये आलेला टाइप-सी हा लंबगोल पोर्ट २४ पिनांचा (येथे पिन म्हणजे आतील धातूचे संपर्क) असून केबल उलटी-सुलटी कशीही बसते. तथापि टाइप-सी हे केवळ आकाराचे नाव आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पोर्टांपैकी एकातून ४८० मेगाबिट वेगाने फक्त माहिती जाईल, तर दुसरा ४० गिगाबिट वेग देईल, लॅपटॉप चार्ज करील आणि बाहेरचा पडदाही चालवील. ओळख पटते ती शेजारच्या बारीक खुणेवरून : टोकाला बाण असलेली विजेची रेघ थंडरबोल्ट या अतिवेगवान जोडणीची, ‘डी’ आणि ‘पी’ ही इंग्रजी अक्षरे गुंफलेले चिन्ह पडद्याकडे चित्र नेणाऱ्या डिस्प्लेपोर्टचे, तर बॅटरीचे किंवा प्लगचे चित्र चार्जिंगचे. खूण नसेल तेव्हा मॉडेलची तपशीलपत्रिका पाहण्यावाचून गत्यंतर नाही. केबललाही स्वतःची मर्यादा असते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट वाहून नेते. त्याहून अधिक विजेसाठी टोकात ओळख-चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. २०२१ मधील सुधारणेनुसार अशा ५ अँपिअरच्या केबलची कमाल मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढली आहे.

पडद्याच्या जोडणीत हा फरक सर्वांत जास्त अडवतो. एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहातील प्रोजेक्टरला अजून १५ पिनांचा निळा व्हीजीए पोर्ट असतो, पाहुण्या व्याख्यात्याच्या लॅपटॉपला केवळ टाइप-सी असतात, आणि श्रोते जमल्यावर कन्व्हर्टरची शोधाशोध सुरू होते. १९८७ चा व्हीजीए हा अ‍ॅनालॉग (विजेच्या सलग चढउतारांचा) संकेत नेतो, तर २००२ मध्ये आलेला १९ पिनांचा एचडीएमआय डिजिटल (शून्य-एकच्या आकड्यांचा) संकेत नेतो. म्हणून त्यांच्यात केवळ तारा जुळवून भागत नाही, संकेत बदलणारी चिप असलेला कन्व्हर्टरच हवा. आणि त्या टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर पडतच नसेल, तर नेहमीचा कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी निरुपयोगी ठरतो. व्याख्यात्याला दोन दिवस आधी पोर्टाची खूण विचारून घेणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

जुने पोर्ट लॅपटॉपवरून गेले तरी कामातून गेलेले नाहीत. नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या) यंत्रावर प्रोग्रॅम चढवायचा तर आरएस-२३२ हा सिरिअल पोर्ट लागतो, आणि नव्या लॅपटॉपला तो नसल्याने यूएसबी-सिरिअल केबल वापरावी लागते. इंटरनेटच्या केबलचा आठ तारांचा चौकोनी लॅन पोर्टही पातळ लॅपटॉपांवरून हद्दपार होत आहे. हेडफोनचा ३.५ मिलिमीटरचा गोल पोर्ट मात्र टिकून आहे. त्यात चार भागांची पिन बसवल्यास ऐकणे आणि माइक दोन्ही चालतात. एसडी कार्डाचा स्लॉट बाजूला, तर रॅम आणि एसएसडी (फायली साठवणारी चिपांची डिस्क) यांचे स्लॉट तळाच्या झाकणाखाली असतात. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट-पट्टीवर) डाग देऊन बसवलेली असल्याने ती वाढवता येत नाही, याची खात्री खरेदीपूर्वी करावी.

टाइप-सी पिन पूर्ण आत जात नसेल किंवा सैल लागत असेल, तर पोर्ट बिघडला असे लगेच समजू नये. पिशवीतील कापसाचे तंतू आणि धूळ दाबली जाऊन तळाशी घट्ट थर बसतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी दातकोरणीने मधल्या जिभेला धक्का न लावता तो अलगद उकरावा. सुई किंवा टाचणी कधीही वापरू नये, कारण पट्ट्या वाकल्या तर पोर्ट बदलावा लागतो, आणि तो बहुधा थेट मदरबोर्डला डाग दिलेला असतो.