अतिथिप्रेम (ख्रिस्ती आचार)

परका, अनोळखी किंवा भिन्नधर्मीय माणूस दारात आला असता त्याचे कूळ, पंथ अथवा ऐपत न विचारता त्याला अन्न, निवारा आणि शुश्रूषा देणे, या ख्रिस्ती कर्तव्यास मराठी बायबलमध्ये ‘अतिथिप्रेम’ असे म्हटले आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘फिलोझेनिया’ असा आहे. त्यातील ‘झेनॉस’ या शब्दाचा अर्थ परका असाही होतो आणि पाहुणा असाही. मराठीत हे दोन शब्द एकमेकांपासून बरेच दूर आहेत: पाहुणा म्हटला की सोयराधायरा किंवा ओळखीचा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि परका म्हटले की हात दाराच्या कडीकडे जातो. ख्रिस्ती शिकवणीचा सारा रोख हे अंतर मिटवण्यावर आहे.

या आचाराचे मूळ यहुदी धर्मशास्त्रात आहे. तुमच्या देशात राहणाऱ्या उपऱ्याला छळू नका, त्याला स्वदेशीयासारखाच माना, कारण तुम्हीही मिसर देशात उपरे होता, अशी आज्ञा लेवीय या ग्रंथात (१९:३३-३४) येते. येथे कर्तव्याला आधार दिला आहे तो स्वतःच्या हालअपेष्टांच्या आठवणीचा, आणि हा आधार पुढे पुन:पुन्हा उपयोगी पडलेला दिसतो.

लूकच्या शुभवर्तमानातील (१०:२५-३७) चांगल्या शोमरोन्याचा दाखला (बोधकथा) हा या शिकवणीचा गाभा होय. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट ओसाड डोंगरांतून सुमारे हजार मीटर खाली उतरते. त्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून एक याजक आणि एक लेवी (मंदिरातील सेवेकरी) बाजूने निघून जातात. यहुदी ज्यांच्याशी संबंधही ठेवत नसत अशा शोमरोनी लोकांपैकी एक वाटसरू मात्र थांबतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याच्याजवळ राहतो, सकाळी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, देतो आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगून जातो. दाखला ऐकणाऱ्या शास्त्र्याने विचारले होते, ‘माझा शेजारी कोण?’ येशूने प्रश्नच उलटवला: या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? उत्तर देताना शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणतो. शेजारी ही कोणाची तरी आयती ओळख नसून ती आपण कृतीने मिळवायची असते, हा या दाखल्याचा अर्थ येथे पूर्ण उघड होतो.

दयेत डावे-उजवे करू नये, हा याच शिकवणीचा दुसरा पदर आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभास्थानात आलेल्या दोघांचे चित्र आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा मिळते आणि मळक्या कपड्यातल्याला तिथे उभा राहा म्हणून सांगितले जाते. असा पक्षपात हे पाप आहे, असे पत्रलेखक स्पष्ट लिहितो. तरी आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांपुढे प्रश्न सोपे नव्हते. सर्वांचे बरे करावे, पण विशेषतः विश्वासाने एका घराण्याचे झालेल्यांचे करावे, असे प्रेषित पौलाने गलतीकरांस (गलतीया प्रांतातील ख्रिस्ती लोकांस) लिहिले (६:१०), आणि या ‘विशेषतः’चा आधार घेऊन दार केवळ आपल्या माणसांपुरते उघडण्याचा मोह पुढे अनेकांना झाला. ‘डिडाखे’ या प्राचीन ख्रिस्ती नियमसंग्रहात वाटसरूने दोन-तीन दिवसच राहावे, कायम राहायचे असल्यास काम करून खावे, अशी मर्यादा घातलेली आढळते.

या आचाराची एक लक्षणीय साक्ष विरोधकाकडून मिळते. रोमन सम्राट ज्युलियन याने ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांची उपासना पुन्हा रुजवण्याचा प्रयत्न केला. इ. स. ३६२ च्या सुमाराच्या, त्याच्या नावे जतन झालेल्या एका पत्रात गॅलिलीकर (ख्रिस्ती लोक) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, शिवाय आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाजिरवाणी गोष्ट आहे, अशी तक्रार आहे. पत्राच्या अस्सलपणाविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. त्याच शतकात बसिल या बिशपाने कॅपाडोशियातील सीझरिया (आजचे तुर्कस्तानातील कायसेरी) नगराबाहेर वाटसरू, रोगी व कुष्ठरोगी यांच्यासाठी एक वसाहतच उभारली. अशा संस्था वाढल्या तसा धोकाही वाढला. चर्चची धर्मशाळा आहे म्हणून घरमालकाने हात झटकू नयेत, प्रत्येकाने आपल्या घरात परक्यासाठी एक खोली राखून ठेवावी, असे प्राचीन धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम याने श्रोत्यांना बजावले. ही सूचना आजही तितकीच अवघड वाटते.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट याच्या मठनियमांचे त्रेपन्नावे प्रकरण या विषयावर आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे साक्षात ख्रिस्त म्हणून स्वागत करावे; मठाधिपतीने त्याच्या हातावर पाणी घालावे, सर्वांनी मिळून त्याचे पाय धुवावेत; पाहुण्यासाठी मठाधिपतीने आपला उपास मोडावा; आणि पाहुणे अवेळी येतात म्हणून त्यांचा स्वयंपाक वेगळा ठेवावा. गरीब आणि यात्रेकरू यांची अधिक काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांना त्यांच्या दबदब्यामुळेच मान मिळतो, हे त्यातील निरीक्षण फार मार्मिक आहे.

या दयेमागे धर्मांतराचा हेतू असतो काय, हा प्रश्न महाराष्ट्रात तीव्रतेने विचारला गेला. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले आणि पुढे पुण्यास हलवलेले शारदा सदन (विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा) धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेच्या वेळी काही मुली येऊन बसत. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, पण आपले दारही लावून घेतले नाही. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले, सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली व स्त्रिया आणून केडगावी मुक्ती सदनात सांभाळल्या. हे काम निःसंशय थोर होते. तथापि जिच्या हातची भाकर खायची तिचाच धर्म नाकारणे उपाशी मुलीला कितपत शक्य असते, हा टीकाकारांचा प्रश्नही खोटा नव्हता. शोमरोन्याने जखमी माणसाकडून काहीच मागितले नव्हते, ही कसोटी येथे लावावीच लागते.

त्या कसोटीला उतरलेले गाव म्हणून फ्रान्समधील ल शांबों-सुर-लिन्यों याचे नाव घेतले जाते. तेथील रहिवासी बहुतांशी छळ सोसलेल्या ह्यूगनो प्रॉटेस्टंटांचे वंशज होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि आसपासच्या गावांनी यहुदी निर्वासितांना घरांत, शेतांवर व शाळांत लपवले. १९९० मध्ये नाझींनी केलेल्या यहुदी संहाराच्या स्मृती जपणाऱ्या इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने या गावाचा गौरव केला. आरंभीच्या एका हिवाळ्यात पाळक आंद्रे त्रोक्मे यांच्या घराच्या दारात बर्फाने माखलेली एक यहुदी निर्वासित स्त्री उभी राहिली. तिने आत येऊ का म्हणून विचारले, आणि त्यांची पत्नी माग्दा हिने ‘अर्थात, या’ म्हणून तिला आत घेतले.