अमेरिकेतल्या स्काऊट ट्रूपमध्ये पालकांनी नाव कसं नोंदवायचं : भूमिका, पात्रता, कागदपत्रं

मुलगा किंवा मुलगी कब पॅकमधून (लहान मुलांच्या स्काऊट गटातून) ट्रूपमध्ये गेली की थोड्याच दिवसांत पालकांना विचारणा होते, "तुम्ही काही मदत कराल का?" आपल्या मराठी घरांतून यावर दोन उत्तरं हमखास येतात. एक, "आम्हाला कॅम्पिंगमधलं काही कळत नाही." दुसरं, "आम्ही अजून सिटिझन नाही, आम्हाला कसं घेतील?" या दोन्ही कारणांनी कुणाचा अर्ज अडत नाही. या देशात राहणाऱ्या, पण नागरिक नसलेल्या व्यक्तीलाही स्काऊटिंग अमेरिकामध्ये कोणत्याही पदावर नोंदणी करता येते. स्काऊटची शपथ आणि नियम पाळायची, इथल्या कायद्यांचा मान राखायची आणि संस्थेचं धर्मविषयक तत्त्व मानायची तयारी हवी. कॅम्पिंग तर शिकवलंच जातं.

(स्काऊटिंग अमेरिका म्हणजे पूर्वीची बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका. १९१० साली स्थापन झालेल्या या संस्थेने फेब्रुवारी २०२५ पासून नवं नाव घेतलं. साधारण ११ ते १७ वयाच्या मुलांच्या ट्रूपमध्ये २०१९ पासून मुलींनाही प्रवेश आहे.)

अर्जाकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पद चुकीचं निवडलं जातं. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत स्काऊट-गाईड केलं आहे. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, खरी कमाईच्या दिवसांत घरोघरी फिरणं, आणि शिट्टी कायम सरांच्या हातात. इथे ट्रूप मुलं चालवतात, आणि ते केवळ म्हणण्यापुरतं नसतं. मुलांनीच निवडून दिलेला सीनियर पॅट्रोल लीडर सभा घेतो. तो उजव्या हाताची तीन बोटं वर करतो, तसे बाकीचे हात वर जातात आणि हॉल शांत होतो. मोठी माणसं मागच्या भिंतीपाशी उभी असतात. सहा-आठ मुलांचा गट म्हणजे पॅट्रोल. त्यांचे लीडर एकत्र बसून वर्षभराचे कॅम्प ठरवतात. कॅम्पचा किराणा पॅट्रोलमधलंच एक मूल ठरलेल्या पैशांत आणतं. पॅनकेक करपले तर ते करपलेले पॅनकेक त्याच पॅट्रोलच्या ताटात जातात. मोठ्यांची चूल वेगळी, तंबू वेगळे. एखादं मूल "अंकल, तंबूचा खांब सापडत नाही" म्हणत धावत आलं, तर त्याला विचारायचं, "पॅट्रोल लीडरला विचारलंस का?" आई-बाप म्हणून हात शिवशिवतात, लगेच उठून खांब शोधून द्यावासा वाटतो. पण मुलांना चुकायला आणि चूक निस्तरायला जागा मिळावी, म्हणूनच हे सगळं मांडलेलं आहे. पुढची प्रत्येक भूमिका या एका तत्त्वाभोवती बेतलेली आहे.

कोणती भूमिका, कुणासाठी

स्काऊटमास्टर हे नाव ऐकून लोक घाबरतात. त्याचं मुख्य काम सीनियर पॅट्रोल लीडरला घडवणं, प्रत्येक रँकपूर्वी मुलाशी निवांत बोलणं आणि गरजेच्या क्षणी मध्ये पडणं. वय किमान २१. असिस्टंट स्काऊटमास्टर त्याच्या हाताखाली काम करतात, तिथे १८ पूर्ण चालतात. म्हणून ईगल, म्हणजे सर्वांत वरची रँक, मिळवून बाहेर पडलेली मुलं बरेचदा याच पदावर परत येतात. मात्र पुढे येणाऱ्या सुरक्षेच्या नियमासाठी जे दोन प्रौढ मोजले जातात, त्यांत १८ ते २० वयाचे धरले जात नाहीत.

ट्रूप कमिटी हा आपल्या लोकांना फारसा माहीत नसलेला भाग. मी तर म्हणेन, नव्या पालकांनी सुरुवात इथूनच करावी. कमिटीत किमान तिघं लागतात, त्यांतला एक चेअर, आणि सगळ्यांचं वय २१ किंवा अधिक. हिशेब ठेवणं, कॅम्पच्या जागेचं बुकिंग, गाड्यांची सोय, तंबू-स्टोव्हची देखभाल, रँक आणि बॅजच्या नोंदी ही सगळी कामं कमिटीची. जंगलात रात्र न काढताही यांतलं बरंचसं करता येतं. गणेशोत्सवाचा हिशेब आणि हॉलचं बुकिंग सांभाळलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. रँकसाठी मुलाची जी शेवटची मुलाखत होते, तो बोर्ड ऑफ रिव्ह्यू, तीही कमिटीचे सदस्यच घेतात. स्काऊटमास्टर आणि त्याचे असिस्टंट त्यात बसत नाहीत. पालक स्वतःच्या मुलाच्या बोर्डावर बसत नाहीत.

तिसरी वाट मेरिट बॅज काउन्सेलरची. मेरिट बॅज म्हणजे एखाद्या विषयाच्या ठरलेल्या अटी पूर्ण करून मिळणारा बिल्ला. ईगल रँकला २१ मेरिट बॅज लागतात आणि प्रत्येक बॅजसाठी त्या विषयातला नोंदणीकृत माणूस लागतो. प्रोग्रॅमिंग, इंजिनीअरिंग, रोबोटिक्स, बुद्धिबळ, घरखर्चाचं नियोजन, स्वयंपाक. स्वयंपाकाचा बॅज ईगलसाठी सक्तीचा आहे, आणि वरण-भाताचा कुकर डोळे मिटून लावणाऱ्या किती आया-बाबांनी याचा विचारच केलेला नसतो! वय किमान १८. या पदाला राष्ट्रीय नोंदणी शुल्क नाही. नेहमीच्या अर्जासोबत तुम्ही कोणते बॅज शिकवणार आणि त्याची पात्रता काय, याचा एक वेगळा तक्ता भरावा लागतो. बॅजच्या पुस्तिकेत जेवढ्या अटी आहेत तेवढ्याच पूर्ण करून घ्यायच्या. एकही वाढवायची नाही, एकही सोडायची नाही.

याशिवाय ट्रूपला जागा आणि आधार देणारी संस्था असते. चर्च, शाळा, रोटरी क्लब असं कुणीही. तिचा प्रतिनिधी हेही एक पद आहे. तो, कमिटी चेअर आणि स्काऊटमास्टर मिळून ट्रूपचे 'की थ्री' होतात. नव्या पालकाला या पदाचा विचार करायची गरज नाही, पण तुमच्या अर्जावर त्या संस्थेची संमती लागते एवढं लक्षात ठेवा.

मुलींच्या ट्रूपमधल्या आयांना एक खास विनंती. मुली असलेल्या कोणत्याही उपक्रमात किमान एक नोंदणीकृत, २१ किंवा अधिक वयाची स्त्री हजर असावीच लागते. ती नसेल तर कॅम्प रद्द होतो. तुमचं नाव नोंदलेलं असणं ही त्या मुलींसाठी फार मोठी मदत आहे.

अर्जाचा क्रम

पहिलं, मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण. वर्षानुवर्षं ते यूथ प्रोटेक्शन म्हणून ओळखलं जायचं, आता सेफगार्डिंग यूथ ट्रेनिंग म्हणतात. माय.स्काऊटिंग या संकेतस्थळावर खातं उघडून घरबसल्या, मोफत करता येतं. प्रमाणपत्र डाउनलोड करून ठेवा. त्यातले मुख्य नियम पुढे रोज लागतात. प्रत्येक उपक्रमात २१ किंवा अधिक वयाचे किमान दोन नोंदणीकृत प्रौढ. एकटा प्रौढ आणि एकटं मूल असं कुठेही नाही, मेसेजमध्येसुद्धा नाही. मुलाला मेसेज पाठवताना दुसऱ्या प्रौढाला त्यात घ्यायचंच. अत्याचाराचा संशय आला तर "आधी कमिटीशी बोलू" असं न म्हणता लगेच स्थानिक यंत्रणेला कळवायचं. हे प्रशिक्षण पटापट क्लिक करून संपवू नका, खरंच ऐका.

दुसरं, अर्ज. ट्रूपकडून लिंक मिळते, कागदी फॉर्मही असतो. हाताशी ठेवायच्या गोष्टी : सोशल सिक्युरिटी क्रमांक, ड्रायव्हिंग लायसन्सचा तपशील, आधीचे राहण्याचे पत्ते, मुलांसोबत काम केल्याचा अनुभव (मराठी शाळेत रविवारी शिकवत असाल तर तो जरूर लिहा), तुम्हाला ओळखणाऱ्या व्यक्तींची नावं आणि फोन. ज्यांची नावं देणार त्यांना आधी सांगून ठेवा. पुढे होय-नाही स्वरूपाचे प्रश्न येतात : गुन्हा सिद्ध झाला आहे का, बालकाच्या छळाचा किंवा हेळसांडीचा आरोप आहे का, लायसन्स कधी निलंबित झालं का. खरं ते लिहा. लपवलेलं सापडणं जास्त महागात पडतं.

सोबत पार्श्वभूमी तपासणीला परवानगी देणारा स्वतंत्र फॉर्म असतो. त्यावर सही राहून गेली तर अर्ज पुढे सरकत नाही. एच-४ व्हिसावर असलेल्या आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पालकांनी रकाना रिकामा सोडून फॉर्म पाठवू नये. आधी कौन्सिलच्या (म्हणजे त्या भागातल्या ट्रूपचा कारभार पाहणाऱ्या स्काऊटिंगच्या स्थानिक शाखेच्या) कार्यालयात फोन करून कसं भरायचं ते विचारून घ्यावं.

आपल्याकडे अर्ज रखडतो तो बहुधा नावामुळे. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते गायब, लायसन्सवर माहेरचं आडनाव. त्यात मुलाच्या कब पॅकच्या वेळी एका ईमेलने खातं उघडलेलं आणि आता प्रशिक्षण दुसऱ्याच खात्यातून केलेलं. मग एकाच माणसाचे दोन सदस्य क्रमांक होतात आणि प्रशिक्षण झालेलं असूनही अर्जापुढे 'अपूर्ण' दिसत राहतं. सरकारी ओळखपत्रावर आहे तेच नाव सगळीकडे द्या, आणि जुनं खातं असेल तर तेच वापरा. दोन झालीच असतील तर कौन्सिल ती एकत्र करून देतं.

धर्मविषयक तत्त्वाबद्दलही आपल्या लोकांच्या मनात शंका असते. त्यात ईश्वराप्रती कर्तव्य मानलं आहे. मात्र तो कोणत्या धर्माचा, कसा पुजायचा, यात संस्था पडत नाही. घरी देवघर असलेल्या माणसाला त्यावर सही करताना अडखळायचं कारण नाही.

तिसरं, मंजुरी. कमिटी चेअर, मग आधार देणारी संस्था, मग कौन्सिल. नोंदणी वर्षभराची असते. बहुतेक पदांना वार्षिक शुल्क आहे आणि काही कौन्सिल त्यावर स्वतःचं शुल्क लावतात, तेव्हा आकडा ट्रूपच्या खजिनदाराकडून घ्या.

राज्यांचे वेगळे नियम

फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियाचे दाखले काढावेत. राज्य पोलिसांचा गुन्हेविषयक दाखला आणि बालछळाच्या नोंदींचा दाखला, हे दोन सगळ्यांना. राज्यात सलग दहा वर्षं राहिलेले नसाल तर बोटांचे ठसे देऊन एफबीआयचा दाखलाही लागतो. पुण्या-मुंबईहून किंवा जर्सीहून अलीकडे तिथे गेलेले बरेच जण या तिसऱ्या दाखल्याच्या गटात येतात. हे दाखले पाच वर्षं चालतात. कॅलिफोर्नियात २०२२ पासून नियमित काम करणाऱ्या स्वयंसेवकांना लाइव्ह स्कॅनने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि बालछळाची तक्रार कशी करायची याचं राज्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

रात्रीच्या मुक्कामाला जायचं असेल तर

"एकच रात्र आहे, पोराबरोबर जाऊन येतो" हे आता चालत नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून मुक्कामी राहणारा प्रत्येक प्रौढ नोंदणीकृत असावा लागतो, आणि नुसतं मेरिट बॅज काउन्सेलर असणं त्याला पुरत नाही. मुक्काम करायचा आहे पण जबाबदारी घ्यायला वेळ नाही, अशा पालकांनी कमिटीत किंवा युनिट स्काऊटर रिझर्व्ह या ठरावीक जबाबदारी नसलेल्या पदावर नाव घालावं. ट्रूपच्या कॅम्पवर मूल तुमच्या तंबूत झोपणार नाही, हे त्यालाही आणि आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवा.

वैद्यकीय फॉर्म मोठ्यांनाही भरावा लागतो. त्याचे अ आणि ब भाग सगळ्यांना. ७२ तासांहून मोठा कॅम्प असेल, म्हणजे उन्हाळ्यातला आठवड्याचा, तर क भाग डॉक्टरांनी तपासून सही करून द्यायचा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही लिहा. मे महिन्यात डॉक्टरांची वेळ मिळायला धावपळ होते, मार्चमध्येच घेऊन ठेवा.

मंजुरी आल्यावर पदाचं प्रशिक्षण राहतं. कमिटी सदस्यांचं ऑनलाइन होतं. स्काऊटमास्टर आणि असिस्टंटना त्यांच्या पदाच्या प्रशिक्षणाबरोबर मैदानी कौशल्यांचा एक कोर्सही करावा लागतो. गाठी, नकाशा, कंपास, कुऱ्हाड, प्रथमोपचार, चूल, म्हणजे फर्स्ट क्लास रँकपर्यंत मुलं जे शिकतात ते सगळं. "आम्हाला कॅम्पिंगमधलं काही कळत नाही" म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगली सुरुवात नाही. कौन्सिलच्या कॅलेंडरमध्ये तारीख शोधा आणि तो शनिवार-रविवार आजच मोकळा करून ठेवा.